खेळ मध्येच थांबवावा लागतो तेव्हा : टाईप वन मधुमेह आणि व्हिडिओ गेम, गोव्यातील अनुभव

मला टाईप वन मधुमेह (शरीर स्वतः इन्सुलिन बनवणे थांबवते तो प्रकार) झाला तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. आज ३४ वर्षांचा आहे. या २० वर्षांत इन्सुलिन एकही दिवस सुटले नाही आणि संध्याकाळी तासभर गेम खेळण्याची आवडही सुटली नाही. गेल्या जुलैमधील एका रविवारी जे घडले ते सांगून हा धागा सुरू करतो.

फोंड्याला दिवसभर पाऊस कोसळत होता. मामेभाऊ राहायला आला होता आणि जेवण आटोपून आम्ही फुटबॉलचा गेम खेळायला बसणार होतो. आठ वाजता मी नेहमीप्रमाणे भाताचा अंदाज घेऊन जलद इन्सुलिन घेतले, पण खेळायला बसण्याच्या घाईत ताटातला अर्धा भात तसाच राहिला. साडेनऊपर्यंत मी ओळीने तीन सामने हरलो होतो. पास चुकत होते, बोटे हव्या त्या बटणावर वेळेत पोहोचत नव्हती आणि कंट्रोलर बिघडला असावा अशी माझी पक्की समजूत झाली होती. डोक्यावर पंखा फिरत असतानाही माझा सदरा घामाने भिजला आहे, हे दारातून डोकावलेल्या आईच्या लक्षात आले, माझ्या आले नाही. शुगर ४८ होती; ७० च्या खाली म्हणजे कमी.

शुगर घसरू लागली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते. छातीतली धडधड, हातांची थरथर आणि घाम ही त्याचीच लक्षणे. अटीतटीच्या सामन्यातही तेच अ‍ॅड्रेनलिन वाढते, त्यामुळे खेळणाऱ्याला एका धडधडीतून दुसरी वेगळी काढता येत नाही. त्यात लक्ष सगळे पडद्यावर. जेवणाआधी घेतलेल्या जलद इन्सुलिनचा जोर साधारण एक ते दोन तासांनी सर्वाधिक असतो, आणि आपल्यातील बहुतेकांची गेमची वेळ नेमकी तीच असते.

गेम खेळूच नका, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी हा धागा नाही. एरवी स्वतःच्या शरीराकडे जे लक्ष आपण देतो, ते गेम सुरू असताना दुसऱ्या कोणाकडे किंवा कशाकडे तरी सोपवून ठेवावे लागते. तुम्ही ते कोणाकडे सोपवता, आणि सोपवायला कसे शिकलात, हे कृपया सविस्तर लिहा.

म्हापसा, महाविद्यालयीन विद्यार्थी

मला २०२० च्या जूनमध्ये, दहावीच्या निकालाची वाट पाहत असताना मधुमेहाचे निदान झाले. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरले होते आणि रात्री चार-पाच वेळा उठून पाणी प्यावे लागत होते. घरात बंद असलेल्या त्या दिवसांत मित्रांशी माझा संबंध होता तो फक्त पबजीमधून. त्यामुळे आपल्याला काय झाले आहे हे त्यांना कळू द्यायचे नाही, असे मी ठरवले. चौघांच्या टीममध्ये एक मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते आणि ती थांबवून ठेवता येत नाही. मी उठलो तर बाकीचे तिघे अडचणीत. म्हणून शुगर उतरते आहे असे वाटले तरी मी मॅच संपेपर्यंत बसून राहायचो. मुद्दाम जेवणाचे इन्सुलिन कमी घेऊन शुगर चढी ठेवायचो, म्हणजे मध्ये उठावे लागणार नाही. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी १० च्या पुढे गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारले आणि मला ते सांगता आले नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि ती टीम मोडली. जुलै २०२१ मध्ये पबजीची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आल्यावर नव्या मुलांबरोबर टीम जमली. या वेळी पहिल्याच दिवशी मी सांगून टाकले की मला टाईप वन आहे, कधी कधी मला न सांगता गप्प व्हावे लागेल आणि तेव्हा माझी वाट पाहू नका. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि खेळ सुरू झाला. वर्षभर ज्याची धास्ती बाळगली होती, ते दोन मिनिटांत संपले.

एक गोष्ट मात्र अंगावर शुगर सतत मोजणारा सेन्सर लावल्यानंतरच समजली. मॅचच्या शेवटी आक्रसलेल्या वर्तुळात पाच-सहा जण उरले की काहीही न खाता माझी शुगर १४० वरून २२० वर जाते. अ‍ॅड्रेनलिनमुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. सुरुवातीला मी २२० दिसताच दुरुस्तीचे इन्सुलिन घ्यायचो. मॅच संपून मन शांत झाले की शुगर आपोआप खाली येऊ लागायची, वर ते इन्सुलिनही काम करायचे, आणि तासाभरात मी ६० वर. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅचनंतर अर्धा तास थांबतो, गच्चीवर फेऱ्या मारतो आणि मग आकडा पाहून ठरवतो.

डिचोली, नऊ वर्षांच्या मुलाची आई

आमच्या मुलाला सहाव्या वर्षी मधुमेह झाला. त्याला माईनक्राफ्ट अतिशय प्रिय आहे. त्या गेममध्ये भुकेची एक पट्टी असते, तिच्यावर दहा तंगड्या असतात, आणि त्यातल्या तीनच उरल्या की खेळाडूला धावता येत नाही. दुसरीत असताना एकदा तो अंगणातून आत आला आणि पायरीवर बसून म्हणाला, ‘आई, माझ्या तीनच तंगड्या उरल्या.’ तपासले तर शुगर ६१. ‘चक्कर येते का, गळल्यासारखे वाटते का’ असे मी त्याला वर्षभर विचारत होते आणि तो नुसता मान हलवायचा. स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला त्याला शब्द मिळाले ते गेममधून. आता आमच्या घरात, आजीसकट सगळेच तंगड्यांच्या भाषेत विचारतात. शाळेतील बाईंनाही मी ही भाषा लिहून दिली आहे.

याच गेमवरून माझ्या हातून एक मोठी चूकही झाली, ती येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. शुगर ८० ते १८० च्या दरम्यान असेल तरच टॅब्लेट मिळेल, असा नियम मी केला होता. शिस्त लागेल, अशी माझी कल्पना. काही आठवडे आकडे फार छान येत होते. मग एका संध्याकाळी मी ग्लुकोमीटरची नोंद उघडली, आणि त्याने तोंडाने सांगितलेला १३२ हा आकडा तेथे नव्हता. तेथे २८७ होता. आठ वर्षांचे मूल खेळायला मिळावे म्हणून स्वतःच्या रक्ताबद्दल खोटे बोलत होते, आणि ते खोटे बोलायला मीच त्याला शिकवले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नियम बदलला. खेळायला मिळणार की नाही हे आकडा कधीच ठरवणार नाही. खेळण्याआधी काय करायचे एवढेच तो ठरवील. कमी असेल तर आधी साखरपाणी आणि पंधरा मिनिटांचा थांबा, जास्त असेल तर आधी पाणी, हवे असल्यास इन्सुलिन, मग खेळ. तेव्हापासून तो खरा आकडा सांगतो.

मडगाव, वय ५६, निवृत्त

मला ३१व्या वर्षी टाईप वन झाला तेव्हा हा लहान मुलांचा आजार आहे, तुम्हाला कसा होईल, असे जाणत्या माणसांनीही मला विचारले. थोड्याच वर्षांपूर्वी, १९९७ मध्ये, वसीम अक्रम यांना वयाच्या तिशीत हाच आजार झाला होता आणि त्यानंतरही ते कसोटी क्रिकेट खेळत होते, हे मला तेव्हा फार आधाराचे वाटले. मी मोबाईलवर क्रिकेटचा गेम खेळतो. दर पाच षटकांनी ड्रिंक्स घेतो. माझे ड्रिंक्स म्हणजे सेन्सरवर एक नजर. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही, पण ही पद्धत सात वर्षे निभावली आहे.

पणजी, ग्रंथपाल

या विषयाचा थोडा इतिहास मला ठाऊक आहे. टाईप वन असलेला नायक घेऊन केलेला ‘कॅप्टन नोव्होलिन’ हा गेम १९९२ मध्ये सुपर निन्टेन्डोवर आला होता. त्याच यंत्रावर पुढे ‘पॅकी अँड मार्लन’ आला. त्यात मधुमेह असलेले दोन हत्ती शिबिरात जातात, आणि त्यांची शुगर तपासणे, इन्सुलिन देणे, योग्य ते खाऊ घालणे हे खेळणाऱ्याला करावे लागते. अमेरिकेत ५९ मुलांवर त्याची सहा महिने चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९७ मध्ये छापून आले. हा गेम घरी दिलेल्या मुलांची मधुमेहासाठी तातडीने डॉक्टरांकडे जाण्याचे प्रसंग ७७ टक्क्यांनी घटले. या मुलांचे आईवडिलांशी मधुमेहाबद्दल बोलणेही वाढले, आणि मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. डिचोलीच्या ताईंनी तंगड्यांची हकिकत लिहिली आहे ती वाचताना मला ही चाचणी आठवली.

काणकोण, अंगणवाडी सेविका

सेन्सर मला परवडत नाही. तपासणीच्या पट्ट्याही मोजून वापराव्या लागतात, त्यामुळे दर दहा मिनिटांनी आकडा पाहणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, हे प्रामाणिकपणे सांगते. मी मोबाईलवर शेतीचा गेम, स्टारड्यू व्हॅली, खेळते. त्यात खेळातला एक दिवस सुमारे १४ मिनिटांचा असतो आणि रात्री झोपल्यावर खेळ जतन होतो. मी खेळातले तीन दिवस संपले की फोन खाली ठेवते, उठून उभी राहते, दोन्ही हात पुढे धरून बोटे थरथरतात का ते पाहते, आणि शंका वाटली तरच पट्टी वापरते. ज्या गेमला असा विसावा नाही, तो मी रात्री उघडतच नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशी दुपारी येते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, म्हणून फ्रीज अजिबात उघडायचा नाही अशी घरात ताकीद असते. वापरात असलेले पेन मी पाणी भरलेल्या मडक्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. अशा रात्री फोनची बॅटरी गेमवर खर्च करत नाही. ती मदत मागण्यासाठी राखून ठेवावी लागते.

वास्को, नृत्यशिक्षिका

आतापर्यंत सर्वांनी बसून खेळण्याबद्दल लिहिले. मी टीव्हीसमोर नाचण्याचे गेम खेळते, आणि त्यांचा परिणाम अगदी उलटा आहे. अर्ध्या तासात माझी शुगर ५०-६० ने उतरते आणि कधी कधी पहाटे तीन वाजता पुन्हा उतरते, कारण स्नायू रिकामा झालेला साठा रात्रभर भरून काढत असतात. सायंकाळी नाचले तर झोपताना दूध आणि अर्धी पोई (गोव्याचा पाव) खाते.

धागा सुरू करणारा, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. काणकोणच्या ताईंचा अनुभव वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. आमच्या चर्चेत सेन्सर गृहीत धरला जातो, आणि तो ज्यांच्याकडे नाही त्यांचे शहाणपण ऐकायचे राहून जाते.

चतुर्थी जवळ आली आहे म्हणून थोडे लिहितो. आमच्याकडे चवथीला सगळी भावंडे मूळ घरी जमतात, आरत्या झाल्या की माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीच्या) शेजारच्या खोलीत गेम लागतो आणि नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, ताट हातोहात फिरते. एकेक नेवरी खाताना ती मोजली जात नाही. मी आता माझ्या वाट्याच्या नेवऱ्या सुरुवातीलाच वेगळ्या वाटीत काढून घेतो आणि त्यांचे इन्सुलिन एकदाच घेतो. शुगर उतरलेली असताना मात्र नेवरी किंवा दोदोल (नारळाच्या रसातली मिठाई) यांच्यावर भिस्त ठेवू नये. नारळातील स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश पोहोचते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा घ्यावी. कंट्रोलरच्या शेजारी साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली ठेवल्याशिवाय मी आता टीव्ही लावत नाही.

साखळी, टीममधील मित्र

मला मधुमेह नाही. म्हापशाच्या ज्या मुलाने वर लिहिले आहे, त्याच्या नव्या टीममधला मी एक. त्याने लिहिलेले नाही, म्हणून त्याला विचारून मी लिहितो.

गेल्या डिसेंबरमध्ये रात्री अकराच्या सुमारास आमची मॅच चालू होती. तो एरवी सतत बोलत असतो. डावीकडे कोण आहे, गाडी कोठे आहे, सगळे सांगतो. त्या रात्री त्याची उत्तरे उशिरा येऊ लागली आणि शब्द जड झाले. मग त्याने एकच वाक्य तीनदा म्हटले. त्याने आम्हाला पहिल्या दिवशी जे सांगितले होते ते मला आठवले आणि मी त्याला शुगर बघायला सांगितले. ‘मी ठीक आहे, खेळ’, असे तो चिडून म्हणाला. तो कधी चिडत नाही. शुगर फार उतरली की माणूस चिडतो आणि मदत नाकारतो, हेही त्यानेच सांगून ठेवले होते. अशा वेळी माझे ऐकू नका, आईला फोन लावा, असे म्हणून त्याने नंबर दिला होता. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा, हेही.

मी फोन लावला. काकू झोपल्या होत्या. त्यांनी दोन प्रश्नही विचारले नाहीत, लगेच त्याच्या खोलीत गेल्या. आम्ही तिघे मॅच तशीच सोडून हेडफोन लावून बसलो होतो, आणि त्याच्या माईकमधून आम्हाला पेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज ऐकू येत होता. शुगर ४४ होती. पंधरा मिनिटांनी काकूंनीच माईकजवळ येऊन सांगितले, ‘७८ झाली रे बाबांनो, आता झोपा.’