वड्याच्या तेलाचं बायोडिझेल: कुठलं अल्कोहोल घ्यावं?

लालबागचा वडेवाला:
आमची वड्याची गाडी आहे. रोज दोनेक लिटर तळणीचं तेल उरतं. मुलगा बारावी सायन्सला, तो म्हणाला तेलात अल्कोहोल आणि कॉस्टिक मिसळून बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं इंधन, करून बघू. लॉकडाऊनमधला सॅनिटायझरचा कॅन पडून होता, लेबलवर इथेनॉल ८० टक्के. त्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवला, लिटरभर कोमट तेलात ओतलं आणि बरणीत घुसळलं. सकाळी बघतो तर खरवस! बरणी उपडी केली तरी हलेना. आता रेक्टिफाइड स्पिरिट (जास्त शुद्ध इथेनॉल) आणू की मिथेनॉल?

अंबरनाथकर:
दादा, तुम्ही साबण केलात. सॅनिटायझरमध्ये पाचवा हिस्सा पाणी. पाणी आणि कॉस्टिक एकत्र आले की तेलाचा साबणच होतो. त्यात तळून तळून तेलात मोकळी ॲसिडं झालेली, तीही कॉस्टिक खातात. म्हणून आधी टायट्रेशन करून, म्हणजे थेंबाथेंबाने ॲसिड मोजून, कॉस्टिक किती ते ठरवायचं, अंदाजाने ४ ग्रॅम नाही. रेक्टिफाइड स्पिरिटमध्येही पाच टक्के पाणी असतं. नुसतं उकळून ते निघत नाही, मॉलेक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषून घेणारे दाणे, लागतात.

हिशेबही बघा. लिटरभर तेलाला मिथेनॉल साधारण २५० मिली, तर कोरडं इथेनॉल ३६० च्या आसपास. वर इथेनॉलमध्ये ग्लिसरीन (बायोडिझेलसोबत सुटणारा जड भाग) पटकन खाली बसत नाही, दुधासारखं गढूळ राहतं. कारखान्यात मिथेनॉलच वापरतात ते उगाच नाही.

मालाडची ताई:
अहो, पण चाळीत मिथेनॉल? मालवणीत २०१५ ला शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. पोटात गेलं तर डोळे जातात. वाफ आणि कातडीतूनही शरीरात जातं.

अंबरनाथकर:
ताईंचं बरोबर आहे. मिथेनॉल उकळतं ६५ अंशांनाच, आणि दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. मिथेनॉलला विषाचा परवाना, स्पिरिटला उत्पादन शुल्कवाले. दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारी गॅस पेटलेला असताना यातलं काहीच करू नका. प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर करा, गाडीवरचं उरलेलं तेल, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याला द्या.

लालबागचा वडेवाला:
पटलं. सरांना विचारायला लावतो. या खरवसाने कढई घासली तर चालेल?

अंबरनाथकर:
ॲल्युमिनियमची असेल तर मुळीच नको, कॉस्टिक ती खाऊन टाकेल.

लालबागचा वडेवाला:
बायकोने सकाळीच घासायला घेतलीय. पळतो.