केळकर संग्रहालयात बसून कविता लिहायची आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी. पुण्यात बाजीराव रोडवरच्या राजा केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्र्या यांवर कवितांची मालिका लिहिते आहे. हे संग्रहालय उभारणारे दिनकर केळकर स्वतः 'अज्ञातवासी' नावाने कविता करत. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. म्हणून या वस्तूंकडे कवीनेच बसून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

काही महिने तिथे नियमित बसून लिहिण्याची, जुन्या नोंदी पाहण्याची परवानगी कोणी घेतली आहे का? अर्ज कसा केलात? अज्ञातवासींच्या कविता छापलेली जुनी मासिकं पुण्यात कुठल्या ग्रंथालयात चाळायला मिळतील? आणि कुणाच्या आजीला दिव्याच्या, अडकित्त्याच्या ओव्या येत असतील तर कृपया कळवा, घरी येऊन उतरवून घेईन. त्या मला सर्वांत आधी हव्या आहेत.