शेततळं, ठिबक आणि कर्ज: आधी पूर्वसंमती घ्या

दादा, चांदवडला शेततळ्याचं अस्तरीकरण (तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरणं) आणि ठिबक दोन्ही करायचंय, पण योजना कुठे शोधायच्या, हा तुमचा प्रश्न. काहींनी तुम्हाला थेट बँकेत जायला सांगितलंय. मी म्हणेन, आधी गावच्या कृषी सहायकाला गाठा आणि शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. दोन्हींचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच होतो.

ठिबकला केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याची पूरक रक्कम धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं, पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का तेही बघा, नसेल तर तलाठ्याकडे आजच विषय काढा. आणि कळकळीने सांगतो, पूर्वसंमतीपत्र, म्हणजे खरेदीआधीची सरकारी मंजुरी, हातात येईपर्यंत एक नळीसुद्धा विकत घेऊ नका. जुन्या तारखेचं बिल चालत नाही. मोका तपासणी, म्हणजे शेतात येऊन केलेली पाहणी, झाल्यावरच पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणजे सुरुवातीचा खर्च आपलाच.

त्यासाठी बँकेत ठिबकचं मध्यम मुदतीचं कर्ज मागा. पीककर्ज यात अडकवू नका. ते ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं, ती सवलत का घालवायची?

पुढे मोठी कांदा साठवणूक करायची झाली, तर कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत मिळते.