शिरपूर पॅटर्न सगळ्या गावांना चालेल का?

पाणलोट: नाला खोलीकरण हाच दुष्काळावरचा रामबाण, असं पुन्हा ऐकू येतंय. दाखला धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. तिथे रुंद, खोल नाले आणि साखळी बंधाऱ्यांनी पाणी वाढलं, हे खरंच. पण तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. राज्याचा सुमारे 80 टक्के भाग बेसॉल्टचा: वर माती, मग पाणी मुरवणारा मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाण लागेपर्यंत पोकलेन चालवला की पाणी मुरत नाही, नुसतं साचतं आणि उन्हात उडून जातं. वर शेजारच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्याकडे पाझरतं. शिवारागणिक उपाय वेगळाच असणार, आणि तो खडक बघितल्याशिवाय ठरवू नये.

बांधावरून: साफ असहमत. मे महिन्यात दारात टँकर उभा असताना भूजलतज्ज्ञाची वाट बघायची? आमच्याकडे नाला खोदला, गाळ लोकांनी स्वतःच्या ट्रॉल्या लावून माळावर पसरला. मापं ठरलेली, अंदाजपत्रक ठरलेलं, म्हणून पावसाआधी काम उरकलं. प्रत्येक गावाचा वेगळा आराखडा म्हटलं की फाईल तालुक्यालाच पडून राहते.

पाणलोट: गाळ काढायला माझी ना नाहीच! गाळ निघाला, मुरूम उघडा पडला, की तिथे थांबा. तुमचं काम तिथेच थांबलं असेल तर आपलं भांडणच नाही.

ताळेबंद: तुम्ही दोघंही खोदण्यातच अडकलात. नगरकडच्या हिवरे बाजार गावाने 1990 नंतर माथा ते पायथा काम केलं, डोंगरावर उताराला आडवे समतल चर आणि झाडं, खाली बंधारे. पण ते पाणी टिकलं कशामुळे? शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळीला मनाई, आणि पाऊस मोजून ग्रामसभेत पिकं ठरवणं यामुळे. उलट जलयुक्त शिवार हे राज्य सरकारचं अभियान 2014 च्या डिसेंबरात सुरू झालं आणि 2020 च्या कॅग (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) अहवालात ताशेरे आले, कामं झालेल्या गावांतही टँकर लागले म्हणून. बंधारा कुठलाही बांधा, उपशाला लगाम हा एकच उपाय.

बांधावरून: कारखान्याकडे उसाची नोंद केलेल्याला ग्रामसभा कशी अडवणार? हिवऱ्याला जमलं ते गाव एकदिलाने उभं राहिलं म्हणून. म्हणजे तुमचा एकमेव उपायही त्या गावापुरताच की.

ताळेबंद: एकी उसनी आणता येत नाही, मान्य. हिशेब मात्र कुठल्याही गावाला करता येतो. पाऊस संपला की विहिरींची पातळी मोजायची आणि त्यावरून रब्बीचं क्षेत्र ठरवायचं. खोलीकरणानंतर तुमच्या गावात कुणी विहिरी मोजल्या का?