नाताळला घर शांत रंगात सजवायचंय, पण सासू म्हणते "हें कितें गो, हॉस्पिटल?"

माडाखालची
नमस्कार मंडळी. मी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन गोव्यात सासष्टीत आले, आणि यंदापासून पर्वरीला आमचा स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट झालाय. नवरा कॅथलिक आहे, क्रूझवर कामाला, २० तारखेला उतरतोय. आत्तापर्यंत सगळे नाताळ सासरी, लोटलीच्या घरी झाले. तिथे लाल रिबिनी, हिरव्या झालरी, चमकीच्या माळा आणि एक लायटिंग आहे जे आठ प्रकारे लुकलुकतं आणि वर गाणंही म्हणतं. यंदा सगळे आमच्याकडे येणारेत.

नवऱ्याचं म्हणणं असं की बोटीवर नोव्हेंबरपासूनच लाल-हिरवं सुरू होतं, जिन्यात, लिफ्टमधे, जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे घरी आल्यावर डोळ्याला जरा आराम पडेल असं काहीतरी कर. मलाही तेच आवडतं, बदामी, मातकट, साईसारखा पांढरा असे रंग. पण ऑनलाइन बघायला गेलं तर बेज रंगाचं झाड साडेसहा हजार, आणि वर खोटं बर्फ लावलेलं! पर्वरीत बर्फ? इथे मी २४ तारखेला पंखा लावून बसणार. माझं बजेट सगळं मिळून चार हजार.

मांयला, म्हणजे सासूला, फोनवर सांगितलं तर वर लिहिलंय ते उत्तर आलं. माझी आईही येणारे, ती म्हणाली पांढरं सणाला सुतकी दिसतं. दोघींचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं ते आता झालं 😐

झाड, स्टार, येशूजन्माचा गोठा सगळंच करायचंय. कुणी केलंय का असं? कसं करू?

मंडपवाला_म्हापसा
ताई, माझा डेकोरेशनचाच धंदा, लग्नं, फेस्त, गणपती सगळं करतो. तुमच्या मांयला जे हॉस्पिटल दिसतंय ना ते रंगामुळे नाही, लाइटमुळे. सगळे लोक कापड, फुलं, झाड यावर पैसे घालतात आणि वर तीच पांढरी ट्यूब ठेवतात. त्या ट्यूबखाली साईचा रंग राखाडी दिसतो आणि बदामी रंग चिखल.

बॉक्सवर आकडा बघायचा. २७०० किंवा ३००० केल्विन असेल तर पिवळसर, समईच्या उजेडासारखा. ६५०० म्हणजे निळसर दुधी, तोच तुमचा हॉस्पिटलवाला. माळा सगळ्या एकाच दुकानातून एकाच कंपनीच्या घ्या आणि दुकानातच प्लग लावून दोन शेजारी-शेजारी धरून बघा, कारण वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं पण एक माळ लिंबासारखी निघते आणि दुसरी केशरी, घरी आल्यावर मग ते सारखं डोळ्याला खुपत राहतं. वायर हिरवी नको, पांढऱ्यावर ती सापासारखी दिसते. तांब्याच्या बारीक तारेची किंवा पारदर्शक वायरची घ्या. आणि लुकलुकायचा डबा नसलेलीच माळ मागा, कारण डबा असला की तुम्ही एकदा स्थिर करून ठेवाल पण लाइट जाऊन आली की ती परत नाचायला लागते, आणि लाइट जाणार नाही असं तर आपल्याकडे कुणी म्हणू शकत नाही.

हॉलला दोन माळा बास. भिंतीवर वेडीवाकडी नागमोडी नका लावू. एक झाडावर, एक काचेच्या मोठ्या बरणीत कोंबून कोपऱ्यात. आणि त्या दिवशी ट्यूब बंद म्हणजे बंद, कुणीही काहीही शोधत असलं तरी.

स्पष्टच_बोलतो
हे बेज-बिज सगळं इन्स्टाग्रामचं खूळ आहे. दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं अशा घरात. पोर्तुगीजांच्या काळात म्हणे पांढरा रंग फक्त चर्चला असायचा आणि लोक घरं पिवळी, निळी, लाल रंगवायचे, इथे कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा हेच सांगेल. तेव्हापासून रंग सांभाळलेल्या गोव्यात तुम्ही आता घरात ओट्सचा रंग आणणार. करा बापडे.

शेणसडा
वरच्या भावाचं मनावर घेऊ नकोस गो, पण त्याचा एक मुद्दा बरोबर आहे, विकत आणलेलं बेज खरंच दवाखान्यासारखं दिसतं. कारण ते सगळं एकसारखं गुळगुळीत असतं. शांत रंगात मजा येते ती खरखरीत, विणलेल्या, भाजलेल्या वस्तूंमुळे. आणि त्या आपल्या घरातच पडून असतात, आपण त्यांना डेकोरेशन म्हणत नाही इतकंच.

मी डिचोलीची, आमच्या वाड्यावर हिंदू-ख्रिश्चन घरं लागून-लागून, त्यामुळे लहानपणी गोठा करायला आम्ही पोरं शेजारी पडीक असायचो. तू नीट बघ, गोठ्यात आहे काय? गवत, माती, गोणपाट, सुतळी, वाळकी पानं, बांबू. तुला हवे ते सगळे रंग तिथेच आहेत! तेव्हा गोठ्यापासून सुरुवात कर आणि घराला तेच रंग ने. फक्त चमकीचा कागद आणि कापसाचं बर्फ घालू नकोस, बेथलेहेमच्या गोठ्यावर कापूस का घालतात मला आजपर्यंत कळलेलं नाही.

कापडाला मांजरपाट घे. कोरा, न धुतलेला, त्याचा रंग बघ, बारीक-बारीक काळे ठिपके असतात तो. मीटरला फार पैसे पडत नाहीत. टेबलावर तो, झाडाच्या कुंडीला गोणपाट गुंडाळून वर काथ्याची दोरी. बाजारातून चार-पाच मातीची बोळकी आण, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतील नाहीतर आमच्या डिचोलीला ये, इथे कुंभार आहेतच. त्यात पणत्या. सूप, रोवळी असेल तर भिंतीला टांग. आईला सांग की पितळेची समई आणि तांब्याचा हंडा घेऊन ये, पिवळ्या लाइटात पितळ असं काही दिसतं की सुतकी हा शब्दच निघणार नाही तोंडातून.

आणि महत्त्वाचं राहिलं. गोठ्यात पेरतात ते. पसरट थाळीत माती घालून नाचणी किंवा गहू पेर, १४-१५ तारखेला पेरलंस की नाताळपर्यंत बोटभर वर येईल. नवरात्रात घट बसवतो अगदी तसंच. उन्हात ठेवलंस तर हिरवंगार येतं, आणि घटासारखं अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवलंस तर पिवळट, लोण्याच्या रंगाचं येतं. तुला काय पाहिजे बघ. रोज पाणी शिंपड, ओतू नकोस, बुरशी धरते.

माडाखालची
बाई गं, घट! हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला आत्ताच फोन केला, तिने लगेच विचारलं माती कुठली घेणार आणि गहू भिजवून पेरणार की कोरडे, म्हणजे सुतक फिटलं.
मंडपवाले दादा, तुमचं वाचून हॉलमधला बल्ब काढून बघितला, ६५०० लिहिलंय 🙈
आता झाड आणि स्टार राहिलं. कुणीतरी सुचवलं सुरूची फांदी आण म्हणून. आणि अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चक्रासाठी मी चार पांढऱ्या मेणबत्त्या आणल्यात, चालतील ना?

मंडपवाला_म्हापसा
सुरू चालते, पूर्वी सगळ्यांच्या घरी तीच असायची, पण किनाऱ्यावरची तोडून आणू नका, ती वाऱ्याला आणि वाळूला आडोसा म्हणून लावलेली असतात. कुणाच्या भाटात (बागायतीत) असेल तर मागून घ्या. ओल्या वाळूच्या मडक्यात खोचा. आठवड्यात सुकायला लागते आणि मग सुया गळतात, तेव्हा २१-२२ च्या आधी आणू नका. नाहीतर सरळ एक वाळकी, छान फाटे फुटलेली फांदी घ्या, काजूची वगैरे, रंग न देता तशीच. तुमच्या रंगसंगतीला तीच शोभेल, आणि फुकट.

बाल्कांव
मी ख्रिस्तांव, वय ७१, मराठी शाळेत शिकलेला, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाय, मेणबत्त्यांचं आधी सांगतो. आमच्या चर्चमधे चक्रावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते, गुलाबी तिसऱ्या रविवारी लावायची. मधे पांढरी, ती नाताळची. चार पांढऱ्या लावल्या म्हणून कुणी पाप म्हणणार नाही, पण तुझी सासू बघेल आणि काही बोलणार नाही, आणि ते जास्त वाईट. तेवढं जांभळं असू दे. नाताळ आला की पाद्रीचे कपडेच पांढरे किंवा सोनेरी होतात, अ‍ॅडव्हेंटभर जांभळे असतात आणि मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, एकदम पांढरे. तेव्हा मांयला सांग की हॉस्पिटल नव्हे, आल्तार. आमच्यात शोकाचा रंग काळा, तिला पांढऱ्याचं वावडं असायचं काही कारण नाही, तिला फक्त घर रिकामं दिसायची भीती वाटत असणार. आमच्या पिढीला रिकामी भिंत म्हणजे गरिबी वाटते.

गोठ्याबद्दल त्या डिचोलीच्या बाईंनी लिहिलं ते अगदी बरोबर. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला तोसुद्धा खरं गवत आणि खरा बैल-गाढव आणून, चमकी कुठली त्यात. आणि बाळ येशू आधीच ठेवून देऊ नकोस, २४ च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची. कपाटात कुठे ठेवलाय ते मात्र आठवणीत ठेव, आमच्याकडे एका वर्षी मिसेहून आल्यावर पहाटे दोनपर्यंत शोधत होतो.

आता स्टार. तुझा नवरा बोटीवर आहे म्हणजे फिलिपिनो लोकांबरोबर काम करत असणार, त्याला विचार पारोल म्हणजे काय. त्यांचा नाताळचा कंदील, चांदणीच्या आकाराचा, आणि चांगल्यातला असेल तर शिंपल्यांच्या पातळ पापुद्र्यांचा करतात. तेच शिंपले आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात! लोटलीचं घर जुनं असेल तर माळ्यावर मोडक्या खिडकीची तावदानं नक्की पडलेली असतील. पाच-पन्नास घेऊन भोकं पाडून दोऱ्यात ओव. मागे पिवळा दिवा लावलास तर मोत्यासारखा उजेड पडतो. समुद्रातून नवीन मात्र काढायला जाऊ नका कुणी, त्यांना कायद्याने संरक्षण आहे.

सासू क्रोशे करते का? आमच्या वयाच्या सासष्टीच्या बायका बहुतेक करतात. असेल तर बाकी काही विचारू नकोस, तिला पांढऱ्या दोऱ्याच्या वीस चांदण्या करायला सांग.

स्पष्टच_बोलतो
हे शिंपल्यांचं आवडलं. दाताच्या डॉक्टरचं मागे घेतो. ओट्सचं नाही.

शेणसडा
क्रोशेला खळ घालायला विसरू नको. साबुदाण्याची पातळ खळ, त्यात बुडवून पाटावर टाचण्या मारून ताणून वाळव, नाहीतर फांदीवर मेलेल्या कोळ्यासारख्या लोंबतील. आणि त्या खळीला मुंग्या येत नाहीत पण तू शेजारी दोदोल उघडा ठेवलास तर येतील, ते वेगळं.

बाल्कनीत बांबूच्या कामट्यांचा स्टार करणार असशील तर पतंगाच्या कागदाऐवजी पातळ मांजरपाट चिकटव. डिसेंबरात पहाटे दव पडतं, कागद सैल पडतो आणि फाटतो, कापड ओलं झालं तरी वाळून परत ताठ. आत एलईडीच लाव, पूर्वीचा ४० वॉटचा बल्ब नको, आमच्या शेजारी एका नाताळला चांदणीचा एक पायच करपला होता.

माडाखालची
२२ तारीख, अपडेट देते, सगळ्यांनी इतकं लिहिलं म्हणून.

एकूण खर्च तीन हजार शंभर, त्यात अर्धे लाइट आणि बल्बचे. काजूची फांदी पर्वरीतच एका बांधकामाजवळ पडलेली मिळाली, वॉचमनने वर चढवून दिली आणि विचारलं हे सरपण कशाला. मांजरपाट चार मीटर, न धुता इस्त्री केला. आई काल आली ती हंडा, समई आणि पिशवीत मातीसकट घट घेऊन, म्हणजे तिने तिकडेच पेरून आणलंय, अर्धं हिरवं अर्धं पिवळं कारण तीन दिवस झाकायला विसरली. मला ते दोन रंग खूपच आवडलेत.

बाल्कांव अंकल, तुमचं सगळं खरं निघालं. मांयला क्रोशेचं विचारल्यावर पहिल्यांदा गप्प झाली, मग म्हणाली "आता दोळ्यांक दिसना", आणि नवरा तिला आणायला लोटलीला गेला तर चोवीस चांदण्या करून ठेवलेल्या. माळ्यावर शिंपलेही सापडले, एक पूर्ण मोडकी झडप. नवऱ्याला पारोल माहीत होता, बोटीवरच्या मित्राला व्हिडिओ कॉल करून त्याच्याकडूनच ओवायचं शिकतोय, दोघं तासभर बोलतायत आणि आत्तापर्यंत अकरा शिंपले झालेत.

चोवीस चांदण्यांतली एक लाल आहे. भडक लाल. मांयने स्वतःच टांगली, बरोबर मधे, आणि खाली बसून बघत होती. मी काही बोलले नाही. लाइट लावल्यावर नवरा म्हणाला तेवढी राहू दे.

गाणं म्हणणारं लायटिंगही पिशवीत आलंय. ते कुठे लावू एवढंच सांगा.

मंडपवाला_म्हापसा
न्हाणीघरात.