क्रूझर बाइकवर पाय कसे ठेवता? अनुभव लिहा

लांब पल्ल्याला तासाभरात माझ्या पायाच्या बोटांना मुंग्या येतात, उजवा गुडघा धरतो. पेग (पाय ठेवायचे दांडे), पेडल, सीट, बूट यांतलं तुम्ही काय बदललंत आणि त्यातून नवीन काय त्रास सुरू झाला, तेही लिहा. उंची साधारण सांगा.

—

सहा फुटांच्या वर आहे. मूळ पेगवर गुडघे फार दुमडायचे. क्रॅश गार्डला हायवे पेग लावले, आता मोकळ्या रस्त्यावर पाय लांब सोडता येतात. मात्र तिथून मागचा ब्रेक लांब पडतो, म्हणून गर्दी दिसली की पाय मूळ जागी. क्लॅम्प काही दिवसांनी पुन्हा आवळा, कंपनांनी सैल होतो.

—

उंचीनं बेताची आहे, म्हणून उलट बाजू मांडते. पाय पुढे गेले की कंबर मागे कलते आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. खड्डा आला की पायांवर भार घेऊन सीटवरून उठताही येत नाही, दणका थेट मणक्यात. मी फॉरवर्ड कंट्रोल (पुढे बसवलेले पेग, गिअर-ब्रेकसकट) काढून मिड कंट्रोल (तेच, पण मागे, सीटच्या जवळ) बसवले. गुडघा जास्त दुमडतो, पण पाठ शाबूत आहे. ज्यांना पुढेच हवेत त्यांनी निदान पाठीला टेकू देणारी सीट बघावी.

—

पैसे खर्चण्याआधी पाना घ्या, मंडळी! गिअर लिव्हर बऱ्याच गाड्यांत दातेरी शाफ्टवर असतो: बोल्ट पूर्ण काढून एक दाता खाली-वर बसवला की घोट्याचा कोन बदलतो. लिव्हर आणि शाफ्टमध्ये जोडदांडा असेल तर दोन्हीकडचे लॉकनट सैल करून दांडा फिरवायचा. एका टोकाचे आटे बहुधा उलटे असतात, जोर लावू नका. टाच पेगवर असताना चवडा न उचलता लिव्हरखाली सरकला पाहिजे, तोही चालवायच्या बुटात. ब्रेक पेडलचंही तसंच. पाय सतत अधांतरी धरावा लागला की नडगीचा स्नायू आणि गुडघा बोलू लागतो. धागाकर्त्याच्या उजव्या गुडघ्याचं मूळ मला तिथेच वाटतं. पेडल हलवलंत की थोडी मोकळी चाल (ब्रेक लागण्याआधीची ढिलाई) ठेवा, नाहीतर ब्रेक घासत राहून तापतो. ब्रेक लाइटचा स्विचही पुन्हा जुळवा.

—

मुंग्यांसाठी: जाड रबराचे पेग आणि कडक तळव्याचे बूट. लेस घोट्यावर फार आवळू नका.

—

पेगऐवजी फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायच्या सपाट पट्ट्या, लावले. पाय पुढेमागे सरकवता येतो, हेच मोठं सुख, आणि टाचेनं गिअर टाकायची सोय असेल तर बुटाचा वरचा भागही झिजत नाही. वळणावर मात्र बोर्ड लवकर टेकतो. पेग खाली घेणाऱ्यांनाही तेच सांगणं, गाडी झुकवायला जागा कमी उरते.

—

धागाकर्ता: पेडल खरंच वर होतं. खाली घेतलं, लाइट तपासला. गुडघ्याला आराम आहे. मुंग्या अजून येतात, आता बूट बघतो. फूटबोर्डवाल्यांनी सांगा, पावसात बोर्डावर बूट घसरतो का?