बस्टर कीटन बघायला सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी, लेक दहा वर्षांची आहे, चॅप्लिन आम्ही मायलेकींनी मिळून बराच बघितलाय आणि आता तिला मूकपटांतला दुसरा विनोदवीर बस्टर कीटन दाखवायचाय. तूनळीवर ढीगभर आहे पण आधी काय लावावं कळत नाहीये. त्याच्या आयुष्याबद्दलही सांगा, व्हॉडव्हिलमधून (नाच-गाणी-विनोदाचे स्टेजवरचे खेळ) आला एवढंच ऐकून आहे.

प्रतिसाद १
डोळे झाकून 'वन वीक' (१९२०) लावा. अर्ध्या तासाच्या आत संपतो. नवीन लग्न झालेलं जोडपं, खोक्यांतून घराचे सुटे भाग येतात, आणि तिच्यावर डोळा असलेला एकजण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो, मग जे वाकडंतिकडं घर उभं राहतं ते वादळात अक्षरशः गरगर फिरतं. पोरं लोळतात हसून! त्यानंतर 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४), पाऊण तासाचा. त्यात रेल्वेच्या टाकीचं पाणी अंगावर कोसळतं तिथे नीट बघा, त्या वेळी त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं, आणि ते कळलं कितीतरी वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर.

प्रतिसाद २
+१. एवढं पडूनझडून पुन्हा उभा कसा राहायचा याचं उत्तर व्हॉडव्हिलमध्येच आहे. जन्म १८९५, कॅन्सासमधलं पिक्वा गाव, आईवडील खेळ करत गावोगाव फिरणारे. अगदी लहानपणापासून 'द थ्री कीटन्स'मध्ये बाप त्याला स्टेजवर इकडून तिकडे फेकायचा, धरायला सोपं जावं म्हणून कपड्यांना पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली. बालसंरक्षणवाले मागे लागले होते ते उगाच नाही. आपण हसलो की लोक कमी हसतात हे त्याला तिथेच कळलं, तो मख्ख चेहरा तिथला आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला विनोदी नट-दिग्दर्शक रॉस्को आर्बकलने सिनेमात घेतलं.

प्रतिसाद ३
एक कळकळीची विनंती, १९३० नंतरचे एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचे बोलपट आधी लावू नका. १९२८ ला तो तिकडे गेला, पहिला 'द कॅमेरामन' छानच आहे, पण पुढे सगळं स्टुडिओच्या हातात गेलं, त्यात दारू, घटस्फोट, आणि १९३३ ला काढूनच टाकलं. ते सिनेमे बघताना जीव तुटतो. पण माणूस सावरला हो, १९४० ला एलिनॉरशी लग्न केलं, १९५२ ला 'लाइमलाइट'मध्ये चॅप्लिनसोबत दिसला, पुढे मानद ऑस्करही मिळालं. १९६६ ला गेला.

धागाकर्ती
खूप आभार सगळ्यांचे! 'वन वीक' बघितला. शेवटी घर रुळांवर अडकतं, गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते, लेकीने हुश्श केलं आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूने दुसरी गाडी!! किंचाळलीच. आता 'द जनरल' लावू का?

प्रतिसाद १
लावा की, जळत्या पुलासकट खरंखुरं इंजिन नदीत कोसळवलंय. फक्त नायक अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरी टिकवणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे, ते तिला आधी समजावून सांगा. आणि 'स्टीमबोट बिल ज्युनियर' राहू देऊ नका, त्यात घराची पुढची अख्खी भिंत त्याच्यावर पडते आणि तो बरोब्बर खिडकीच्या जागेत उभा असतो.